विलायतेंतील घरपट्टीची दाद : एक प्रमाणविचार

करासंबंधीं जे जुने कागद आमच्या संग्राहकांच्या हातीं येतात, त्यांचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. एका वर्गांत मागणीचे कागद : आकार, वसूल, बाकी, जमाबंदीचे तक्ते. दुसऱ्या वर्गांत हरकतीचे कागद : अमुक आकार जाजती आहे, अमुक घर पडून गेलें आहे, शेजाऱ्यावर इतका बसविला असतां आमच्यावर एवढा कां, अशा तक्रारी व त्यांवरील निवाडे. पहिल्या वर्गाचे कागद विपुल मिळतात आणि विपुल छापलेही जातात. दुसऱ्या वर्गाकडे आमचें लक्ष त्या मानानें कमी. वस्तुतः घर कसें होतें, त्यांत कोण राहत होतें, शेजार कोणता होता, हें कळावयाचें तर तें बहुधा दुसऱ्याच वर्गावरून कळतें. मागणी करणारास आंकडा पुरतो. हरकत घेणारास घराचें वर्णन करावें लागतें.

प्रस्तुत लेखाचा विषय या दुसऱ्या वर्गांतला असून तो विलायतेंतला आहे. इंग्लंडांत घरांवर जी स्थानिक पट्टी आज चालू आहे, तिला कौन्सिल टॅक्स म्हणतात. आमचे कित्येक जुने विद्यार्थी तिकडे घरें घेऊन राहिले आहेत. त्यांच्या पत्रांतून या पट्टीचा व तिच्यावरील तक्रारींचा उल्लेख वारंवार येऊं लागला, म्हणून आम्हीं तिचे कायदे पाहिले. पाहतां पाहतां असें लक्षांत आलें कीं, हा विषय हिशेबनिसाचा कमी आणि इतिहाससंशोधकाचा अधिक आहे. कारण असें : आपल्या घराची पट्टी चुकीची बसली आहे असें ज्याला म्हणावयाचें आहे, त्यानें घराची आजची किंमत सांगून कांहीं उपयोग नाहीं. तेंच घर १ एप्रिल १९९१ या एका दिवशीं बाजारांत काय किंमतीस गेलें असतें, हें त्याला दाखवावें लागतें. बहुतेक घरें त्या दिवशीं विकलीं गेलीं नव्हतीं. कित्येक तर तेव्हां बांधलींही नव्हतीं. तरी प्रश्न तोच. मिळून, एका सामान्य गृहस्थाला गतकालांतील एक न घडलेली गोष्ट प्रमाणांनीं सिद्ध करावयाची असते, आणि ती सिद्ध झाली तर जादा भरलेले पैसे परत मिळतात.

घराची किंमत मागील एखाद्या दिवसावर नेऊन ठेवण्याची रीत तिकडे नवी नव्हे. १०८६ सालीं विल्यम राजानें जी प्रसिद्ध पाहणी करविली, तिच्या अधिकाऱ्यांनीं प्रत्येक गांवाची किंमत तीन काळांची विचारली : एडवर्ड राजाच्या वेळची, विल्यमनें ती जमीन दिली त्या वेळची, आणि चालू. गांवकऱ्यांनीं शपथेवर सांगितलें, लेखकांनीं लिहून घेतलें. परंतु त्या लिखितावर दाद नव्हती. त्या बाडाला ‘डूम्सडे’, म्हणजे अंतिम निवाड्याच्या दिवसाचें पुस्तक, असें नांव लोकांनीं कां दिलें, याचें कारण बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रिचर्ड फिट्झनील या राजाच्या खजिनदारानें दिलें आहे : त्या दिवसाच्या निवाड्याप्रमाणें या पुस्तकाचा निवाडाही फिरत नाहीं म्हणून.

हा न फिरणारा निवाडा फिरता कसा झाला, हाच तिकडील घरपट्टीचा इतिहास. १६६२ सालीं चुलींवरील कर सुरू झाला. दर चुलीस वर्षाला दोन शिलिंग, दोन हप्त्यांनीं. ज्याचें घर वर्षाला वीस शिलिंगांहून अधिक भाड्याचें नाहीं व ज्याची मालमत्ता दहा पौंडांवर नाहीं, त्यास माफी; मात्र त्याबद्दल गांवच्या धर्मोपदेशकाचा व इतर पंचांचा दाखला लागे व त्यावर न्यायाधिकाऱ्यांच्या सह्या लागत. हे दाखले आज शिल्लक आहेत, आणि ज्या गरिबांचें नांव दुसऱ्या कोणत्याही कागदांत येण्याचें कारण नव्हतें, त्यांचीं नांवें इतिहासकारांस त्यांतूनच मिळतात. करवसुलीचा कारकून घरांत शिरून चुली मोजतो, हा प्रकार लोकांस असह्य होऊन तो कर १६८९ मध्यें रद्द झाला. परंतु येथें एक भेद सांगून ठेवला पाहिजे. त्या दाखल्यानें मिळे ती सूट होती. आमच्या दप्तरांतून कौलाचीं व सुटीचीं पत्रें आढळतात, त्यांच्याच जातीची. आकार बरोबर आहे, पण देणाऱ्याची ऐपत नाहीं, म्हणून सोडून दिला. आकारच चुकला होता, सबब घेतलेलें परत करा, ही गोष्ट अगदीं निराळी. पहिलींत दया आहे, दुसरींत दोष सरकारच्या पदरीं येतो. कोणतेंही सरकार पहिली गोष्ट आनंदानें करतें व दुसरी नाखुषीनें.

ही दुसरी गोष्ट चुलींच्या करांतून निघाली नाहीं. ती गरीबपट्टींतून निघाली. एलिझाबेथ राणीच्या १६०१ च्या कायद्यानें प्रत्येक पॅरिशमधील घरधन्यांवर आपल्या गरिबांच्या पोषणासाठीं पट्टी बसली, आणि जो नाराज असेल त्यानें जिल्ह्याच्या न्यायसत्रापुढें जावें, अशी सोय त्याच कायद्यांत झाली. पण शेजाऱ्यावर किती बसली हें कळल्याशिवाय माझ्यावर जास्त बसली हें कसें म्हणावें? पट्टीचें बाड ज्यांनीं पट्टी बसविली त्यांच्याच पेटींत. या अडचणीचा परिहार व्हावयास १७४३ साल उजाडावें लागलें. त्या सालच्या कायद्यानें पट्टी देवळांत जाहीर करावी असें ठरलें. कोणाही रहिवाशानें एक शिलिंग भरून बाड पाहावें, आणि नक्कल पाहिजे असल्यास दर चोवीस नांवांस सहा पेन्स द्यावे. चोवीस नांवांस सहा पेन्स, म्हणजे नांवामागें एक फार्दिंग! आमच्या मतें इंग्लंडच्या घरपट्टीच्या इतिहासांत याहून महत्त्वाचें कलम दुसरें नाहीं. दाद मागण्याचा हक्क आधींच होता. पण दादीला लागणारें प्रमाण ज्याच्या हातीं, त्याच्याविरुद्धच दाद मागावयाची होती. नक्कल मिळण्याचा हक्क झाला तेव्हां दादीचा हक्क खरा झाला. दप्तरखान्याच्या दारांत बसून ज्यांनीं नकलेसाठीं दिवस काढले आहेत, त्या आमच्या वाचकांस हें अधिक सांगावयास नको.

खिडक्यांवरील कर १६९६ मध्यें बसला व १८५१ मध्यें उठला. त्यासाठीं लोकांनीं खिडक्या विटांनीं बुजविल्या, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. येथें त्यांतील एकच बाब हवी. १७४७ पासून दर असा होता : दहापासून चौदापर्यंत खिडक्या असल्यास प्रत्येक खिडकीस सहा पेन्स, पंधरापासून एकोणीसपर्यंत नऊ पेन्स, वीस व अधिक असल्यास एक शिलिंग. हिशेब करून पाहावा. चौदा खिडक्यांच्या घरास सात शिलिंग पडत. पंधरावी उघडली कीं अकरा शिलिंग तीन पेन्स. एका खिडकीपायीं सव्वाचार शिलिंग. अर्थात् लोक चौदाव्या किंवा एकोणिसाव्या खिडकीवर थांबूं लागले. पायऱ्या पाडून कर बसविला म्हणजे पायरीच्या कडेवर उभ्या असलेल्या घरालाच सगळा जाच होतो, हें त्या लोकांस अडीचशें वर्षांमागें कळलें होतें. कळलें होतें, तरी १९९३ मध्यें त्यांनीं पुन्हा पायऱ्याच पाडल्या.

तें कसें घडलें तें थोडक्यांत सांगूं. गरीबपट्टी पुढें सर्व स्थानिक खर्चाची पट्टी झाली. १८३६ च्या कायद्यानें तिचें माप ठरविलें : घर वर्षानुवर्षें भाड्यानें दिलें असतां वाजवी अपेक्षेनें जें भाडें यावें तें. या कल्पित भाडेकऱ्याच्या खांद्यावर ती पट्टी दीड शतक चालली. भाडीं बदलतात, म्हणून मधून मधून फेरआकारणी करावी लागे, आणि प्रत्येक फेरआकारणीच्या वेळीं ओरड होई. इंग्लंड व वेल्स मिळून शेवटची अशी आकारणी १९७३ मध्यें झाली. पुढची करण्याचें धैर्य कोणत्याही प्रधानमंडळास झालें नाहीं. अखेर मार्गारेट थॅचर यांच्या सरकारानें घरावरील पट्टीच काढून टाकून माणशीं पट्टी बसविली : स्कॉटलंडांत १९८९ मध्यें, इंग्लंड व वेल्समध्यें १९९० मध्यें. ३१ मार्च १९९० रोजीं लंडनांत तीवरून दंगल झाली, नोव्हेंबरांत थॅचरबाईंचें प्रधानपद गेलें, आणि पुढील सरकारास ती पट्टी बदलून कांहीं तरी तातडीनें उभें करणें प्राप्त झालें. १९९२ चा कायदा झाला. १ एप्रिल १९९३ पासून कौन्सिल टॅक्स चालू झाला.

तातडीचा परिणाम आकारणींत दिसतो. सुमारें दोन कोटी घरांचें मोल थोडक्या महिन्यांत ठरवावयाचें होतें. सरकारी मूल्यमापक अपुरे पडले, म्हणून घरविक्रीचा धंदा करणारे खाजगी दलाल व मूल्यमापक लावले. ते मोटारींतून रस्त्यानें जात, बाहेरूनच घर पाहत व श्रेणी लिहीत. मोटार दुसऱ्या गिअरमध्यें ठेवून चालतां चालतां केलेलें मूल्यांकन, असें त्यास तिकडे उपहासानें म्हणतात. आंत खोल्या किती, मागें काय आहे, हें पाहण्यास सवड कोणास होती? चुली मोजणारा निदान घरांत तरी शिरत असे.

श्रेण्या आठ. इंग्लंडांत ए ही चाळीस हजार पौंडांपर्यंत, बी बावन्न हजारांपर्यंत, सी अडुसष्ट, डी अठ्ठ्यायशीं, ई एक लक्ष वीस हजार, एफ एक लक्ष साठ हजार, जी तीन लक्ष वीस हजार, त्याच्यावर एच. पट्टीचें प्रमाण नवमांशांनीं ठरतें. डी श्रेणीची पट्टी म्हणजे नऊ भाग धरले, तर ए ला सहा, बी ला सात, सी ला आठ, ई ला अकरा, एफ ला तेरा, जी ला पंधरा व एच ला अठरा. सर्वांत मोठ्या वाड्यावर सर्वांत लहान खोपटाच्या तिप्पटच पट्टी, हा त्यावरील मोठा आक्षेप आहे; पण तो विषय राजकारण्यांचा. आम्हांस पाहावयाची आहे ती पायरीची कड. १९९१ मध्यें अठ्ठ्यायशीं हजारांचें घर डी मध्यें, त्याहून एक पौंड अधिकाचें ई मध्यें. एखाद्या गांवीं डी ची पट्टी वर्षास अठराशें पौंड धरली, तर ई ची बावीसशें होते. फरक चारशें पौंडांचा, तोही दर साल, आणि मोटारींतून पाहणाऱ्याच्या एका नजरेवर अवलंबून. याच्या उलट, एक लक्ष सत्तर हजारांचें घर तीन लक्षांचें ठरविलें तरी श्रेणी जीच राहते; तेथें चुकीला दंड नाहीं आणि दादीलाही अर्थ नाहीं.

आतां दादीचा मार्ग. नवीन राहावयास आलेल्या मनुष्यास सहा महिन्यांच्या आंत श्रेणीविरुद्ध रीतसर अर्ज करतां येतो. घराचा भाग पाडला, एका घराचीं दोन झालीं, आसपासच्या परिस्थितींत कायमचा फरक पडला, अशा प्रसंगींही करतां येतो. तो अर्ज फेटाळला तर स्वतंत्र न्यायमंडळाकडे तीन महिन्यांत अपील आहे. त्याला शुल्क नाहीं. कायद्याच्या मुद्द्यावर तेथून उच्च न्यायालयांतही जातां येतें. पण ज्याचे सहा महिने केव्हांच उलटून गेले, आणि बहुतेकांचे उलटलेलेच असतात, त्याला हा राजमार्ग बंद. त्याला एक पाऊलवाट आहे. श्रेण्यांची यादी बरोबर ठेवणें हें यादीच्या अधिकाऱ्याचें कर्तव्य आहे, असें १९९२ चा कायदा म्हणतो. म्हणून कोणीही पुरावा दाखवून ‘यादींत चूक आहे, तपासा’ असें म्हणूं शकतो. अधिकाऱ्यानें ऐकलें तर उत्तम. न ऐकलें तर या वाटेनें अपील नाहीं. दरम्यान पट्टी मात्र भरीत राहिलें पाहिजे.

चूक मान्य झाली म्हणजे श्रेणी उतरते ती आजपासून नव्हे; यादी जेव्हांपासून चुकीची होती तेव्हांपासून, म्हणजे पुष्कळ प्रकरणीं १ एप्रिल १९९३ पासून. ज्यानें ज्या मुदतींत पट्टी भरली, त्याला त्या मुदतीचा परतावा. घर विकून गेलेल्या मनुष्याचा त्याच्या काळापुरता हक्क त्याच्याकडेच राहतो, नव्या धन्याकडे जात नाहीं. वरच्या उदाहरणांतील मनुष्य वीस वर्षें तेथें राहिला असेल, आणि हिशेबाच्या सोयीसाठीं दर तोच धरला, तर आठ हजार पौंड होतात. याच्या उलट, चूक अशी निघाली कीं घर वास्तविक वरच्या श्रेणीचें आहे, तर वाढ यादी सुधारल्या दिवसापासूनच लागते. मागील बाकी काढतां येत नाहीं. सरकारच्या चुकीचा भार रयतेवर मागें जाऊन पडूं नये, रयतेचा पैसा मात्र मागें जाऊन परत मिळावा, हा न्याय आम्हांस फार समंजस वाटतो. आपण होऊन घर वाढविलें, खोली काढली, तरी तें घर विकलें जाईपर्यंत श्रेणी चढत नाहीं, हेंही त्याच समंजसपणांतलें. एकटा राहणारास पावपट्टी कमी, विद्यार्थ्यांस माफी, इत्यादि सवलती आहेत त्या सुटीच्या सदरांत पडतात. त्यांचा येथें विचार नाहीं.

सर्व भार पडतो तो प्रमाणावर. याज्ञवल्क्यादि स्मृतिकारांनीं व्यवहारांत लिखित, भुक्ति व साक्षी हीं तीन मानुष प्रमाणें सांगितलीं आहेत. तींच येथें लावून पाहूं.

लिखितांत श्रेष्ठ म्हणजे त्या घराचें किंवा तशाच शेजारच्या घराचें खरेदीखत. पण विक्री १ एप्रिल १९८९ ते ३१ मार्च १९९३ या चार वर्षांतली पाहिजे. अलीकडची किंमत सांगून भावाच्या कोष्टकावरून मागें मोजीत जाणें मान्य नाहीं. याचें कारण उघड आहे. कोष्टक देशाचें किंवा प्रांताचें असतें, प्रश्न एका घराचा असतो. त्या चार वर्षांतही भाव एकसारखे नव्हते. देशाचें सरासरी मान १९८९ मध्यें शिखरास पोंचून मग उतरूं लागलें, म्हणून १९८९ चें खत जसेंच्या तसें घेतलें तर १९९१ ची किंमत फुगून दिसते. शिवाय कायद्याचें घर हें कल्पित घर आहे : रिकामें, बऱ्या दुरुस्तींतलें, खुल्या बाजारांत राजीखुषीनें विकलेलें. भावाभावांतली किंवा कर्जापायीं झालेली विक्री त्या कल्पनेंत बसत नाहीं. खतावरील आंकडा घेण्यापूर्वीं विकणारा व घेणारा यांचें नातें पाहावें, हें आमच्या वाचकांनीं आपल्याकडील बक्षीसपत्रांवर व गहाणखतांवर पुष्कळ वेळां अनुभविलें आहे.

हीं खतें मिळतात कोठें? येथेंच खरी अडचण आहे. तेथील जमीन-नोंदणी खात्यानें विक्रीच्या किंमतींची जी खुली यादी प्रसिद्ध केली आहे, ती १९९५ पासूनची. हवीं असलेलीं वर्षें नेमकीं तिच्या अलीकडे राहून जातात. १ डिसेंबर १९९० पासून इंग्लंड व वेल्समध्यें सर्वत्र विक्रीच्या वेळीं नोंदणी सक्तीची झाली. नोंदणीनंतर हक्काला जुन्या खतांची गरज उरत नाहीं, म्हणून वकिलांच्या कचेऱ्यांतून व घरांतून जुन्या दस्तऐवजांचे गठ्ठे टाकून दिले गेले. हक्क सुरक्षित झाला आणि प्रमाण नष्ट झालें! राहिलीं तीं वृत्तपत्रें. गांवोगांवच्या साप्ताहिकांत घरविक्रीच्या जाहिरातींचीं पानेंच्या पानें असत, व दलाल छायाचित्रासह माहितीपत्रक छापीत. ग्रंथालयांतून तीं साप्ताहिकें जपलेलीं आहेत. परंतु जाहिरातींतील किंमत ही मागितलेली किंमत, मिळालेली नव्हे; तिला दुय्यम प्रमाण समजून दुसऱ्या आधाराशीं ताडून पाहावें. फडताळांत राहिलेलें एखादें माहितीपत्रक, गहाणापूर्वीं केलेला मूल्यांकनाचा कागद, वकिलाचा देण्याघेण्याचा हिशेब, असल्या फुटकळ कागदांची किंमत कोणी करीत नाहीं, आणि शेंकडों पौंडांचा निकाल त्यांच्यावर लागतो.

साक्षी म्हणजे येथें शेजारचीं घरें. आपल्या घरासारखीं, त्याच काळीं बांधलेलीं, तेवढ्याच क्षेत्रफळाचीं, शक्य तर त्याच रस्त्यावरचीं पांचपर्यंत घरें दाखवावीं व तीं खालच्या श्रेणींत आहेत असें म्हणावें. यादी सर्वांस खुली आहे, आणि आतां शिलिंगही लागत नाहीं. १७४३ च्या कलमाचेंच हें फळ. नैयायिक याला उपमान म्हणतील : गाय पाहिलेल्यानें सादृश्यावरून गवय ओळखावा. परंतु उपमानाची मर्यादाही त्यांनींच ओळखली आहे. गायच चुकीची ओळखली असेल तर गवय कसा ओळखणार? शेजारीं डी आहे म्हणून आपलें ई चुकीचें, हें म्हणतांना शेजारचें डीच चुकीचें असूं शकतें. अधिकाऱ्यानें तपासून तसें ठरविलें तर आपली श्रेणी तशीच राहून शेजाऱ्याची चढते. क्वचित् आपलीच चढते. दादीच्या या बाजूकडे उत्साही लोकांचें दुर्लक्ष होतें. इंग्लंडांतील ग्राहकांचे प्रसिद्ध वकील मार्टिन लुईस यांनीं ही दाद मागण्याची रीत लोकांत पसरविली. त्यांनींही दोन्ही कसोट्या लावून पाहाव्या, शेजाऱ्यांची श्रेणी आणि १९९१ ची किंमत, व दोन्हींचा कौल अनुकूल असेल तरच अर्ज करावा, असा सावध सल्ला दिलेला आहे. सल्ला योग्य आहे. एकाच गल्लींत जन्म काढावयाचा असतां शेजाऱ्याच्या पट्टींत भर घालणारा अर्ज पाठविणें हें कायद्यास मंजूर असलें तरी सुखाचें नाहीं.

भुक्ति प्रथमदर्शनीं येथें निरुपयोगी दिसते. वीस वर्षें तक्रार न करतां पट्टी भरली म्हणून ती बरोबर ठरत नाहीं. परताव्याचा नियमच तसा आहे. पण भुक्ति दुसऱ्या दारानें आंत येते. पट्टीच्या कायद्यांत तिकडे एक जुना विचार आहे. त्याला ते यादीचा सूर म्हणतात. यादी नवी असतांना विक्रीच्या किंमती हें तिचें प्रमाण. वर्षें लोटतात, विक्रीचा पुरावा विरळ होतो, आणि एका रस्त्यावरील शेंकडों घरांच्या श्रेण्या कोणी न उलटवितां तशाच राहतात. मग त्या निर्विवाद श्रेण्याच परस्परांचें प्रमाण होतात. म्हणजे भोगवटा घरधन्याचा पाहत नाहींत, यादीचा पाहतात! १९९१ मध्यें घाईनें लिहिलेला आंकडा केवळ तो जुना झाला म्हणून वजनदार होत जातो. संशोधनांत हा दोष आम्हांस परिचित आहे. एका बखरकारानें अंदाजानें दिलेली तिथि दहा बखरकारांनीं उतरून घेतली कीं पुढील लेखक अकरा प्रमाणें दाखवितो. वास्तविक प्रमाण एकच, आणि तेंही अंदाजाचें. आमचें स्पष्ट मत असें कीं, जेथें एक संबंध रस्ता एकाच मोटारींतून एकाच दुपारीं पाहून लिहिला गेला, तेथें त्या रस्त्यावरील श्रेण्या एकमेकींच्या साक्षीदार होऊं शकत नाहींत. आणि जों जों १९९१ चें लिखित नष्ट होत जाईल, तों तों खऱ्या चुकीची दाद लागणें अधिकाधिक कठीण होईल. फेरआकारणी हाच त्यावर उपाय. वेल्सनें ती २००५ मध्यें १ एप्रिल २००३ च्या किंमतींवर केली व नववी श्रेणी जोडली. इंग्लंडनें २००७ ची ठरलेली आकारणी २००५ मध्येंच पुढें ढकलली, व त्यानंतर ती केलेली नाहीं.

कोणी म्हणेल, हें सर्व परमुलखाचें. तसें नाहीं. १८३६ च्या कायद्यांतील तो कल्पित भाडेकरी समुद्र ओलांडून मुंबईस आला. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्याच्या १५४ व्या कलमांत घराचें करयोग्य मूल्य ठरविण्याचें माप तेंच आहे : वर्षानुवर्षें दिलें असतां वाजवी अपेक्षेनें येईल तें भाडें, त्यांतून दुरुस्ती वगैरेबद्दल दहा टक्के वजा. पुढें १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें प्रमाणभूत भाडें म्हणून १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें धरलें. आणि कायद्यानें जें भाडें घेतां येत नाहीं तें वाजवी अपेक्षेचें भाडें कसें म्हणावें, या न्यायानें करयोग्य मूल्यही त्या प्रमाणभूत भाड्यापुढें जाऊं नये, असा सिद्धांत सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांनीं रूढ केला. अर्थात् गिरगांवांतील एखाद्या चाळीच्या मालकास १९७० मध्यें आपली पट्टी जास्त आहे असें म्हणावयाचें असेल, तर त्याला १९४० च्या एका दिवसाकडे जावें लागे. १९९९ च्या कायद्यानें ती तारीख १ ऑक्टोबर १९८७ वर आणली, आणि २०१० पासून मुंबईनें भाड्याचें माप सोडून भांडवली मूल्याचें माप घेतलें. तेंही निर्वेध चाललें नाहीं : त्या आकारणीचे कांहीं नियम उच्च न्यायालयानें २०१९ मध्यें रद्द केले व सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२२ मध्यें तो निर्णय कायम केला. इमारत उभी राहिली नसतां ती पुढें केवढी बांधतां येईल यावरून आजचें मूल्य धरूं नये, हा त्यांतील एक मुद्दा. इंग्लंडचा कायदा गतकालाची कल्पना करावयास लावतो. मुंबईचे नियम भविष्याची करूं पाहत होते.

१९४० च्या त्या तारखेनें मुंबईंत एक विस्तीर्ण कागदसमूह निर्माण केला असला पाहिजे : त्या वर्षाच्या भाडेपावत्या, चाळींच्या वसुलीचीं बुकें, करयोग्य मूल्याविरुद्धचे अर्ज व त्यांवरील लघुवाद न्यायालयाचे हुकूम. चाळी पाडल्या जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर मेहतांच्या पेट्याही रद्दींत जात आहेत. पोथ्यांच्या शोधांत जुन्या घरांतून हिंडणाऱ्या आमच्या मित्रांस विनंति एवढीच कीं, १९३९ पासून १९४७ पर्यंतच्या भाडेपावत्यांचे गठ्ठे दृष्टीस पडल्यास ते तसेच सोडून येऊं नयेत; निदान घराचें नांव, खोलीचा क्रमांक, भाड्याचा आंकडा व पावतीची तारीख एवढें उतरून घ्यावें, आणि पावतीवर मागील बाजूस पेन्सिलीनें कांहीं लिहिलें असल्यास तेंही.